चालण्याच्या वाटेवरची डबी : जिओकॅशिंग पहिल्यांदा करताना

क्रीडांगणाच्या कुंपणाला लागून, टेनिस कोर्टाजवळच्या बाकाखाली किंवा जलतरण तलावाकडे वळणाऱ्या माहितीफलकाच्या मागे कुणीतरी एक डबी लपवून ठेवलेली असते. तिचे अक्षांश-रेखांश सगळ्यांना खुले असतात. मोबाइलमधल्या जीपीएसच्या आधारे तिथवर जायचं, डबी शोधायची, आतल्या कागदावर आपलं नाव आणि तारीख लिहायची, आणि ती होती तशी परत ठेवायची. जिओकॅशिंग म्हणजे एवढंच.

या खेळातला 'कॅश' हा शब्द दडवलेल्या साठ्यासाठीचा आहे, पण आपल्या कानाला तो रोकड वाटतो. वाटेत कुणाला 'कॅश शोधतेय' म्हणून सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर प्रश्न उमटतो. म्हणून मी सरळ डबी म्हणते, आणि या लेखातही तेच म्हणणार आहे.

पहिल्या शोधासाठी डोंगर किंवा जंगल निवडू नका असं मी आग्रहाने सांगेन. लोकांच्या चालण्यासाठी बांधलेली, मैदानं, कोर्टं, खेळघरं यांच्या कडेने जाणारी वाट सुरुवातीला सगळ्यात चांगली. पायाखालचा रस्ता सपाट असतो, दर थोड्या अंतरावर बसायला जागा असते, आणि अर्ध्या तासात तीन-चार डब्या होऊ शकतात. अडचण एकच : तिथे माणसं असतात, भरपूर असतात, आणि ती आपापल्या कामाला आलेली असतात. वाट त्यांचीही आहे हे ज्याच्या अंगवळणी पडतं, त्याला डब्याही लवकर सापडतात. का, ते पुढे येईलच.

घरून निघण्याआधी

जिओकॅशिंगच्या मुख्य संकेतस्थळावर खातं उघडा. साधं खातं मोफत असतं. त्यांचं अ‍ॅप मोबाइलवर घ्या, अँड्रॉइडवर 'सी:जिओ' नावाचं दुसरं अ‍ॅपही बरेच जण वापरतात. खात्यासाठी टोपणनाव छोटं निवडा. काही डब्यांमधली कागदाची पट्टी करंगळीएवढी असते आणि त्यावर लांबलचक नाव मावत नाही.

नकाशावर आपली वाट उघडली की खुणा दिसतील. प्रत्येक डबीच्या पानावर वाचायच्या गोष्टी मोजक्या आहेत. पहिली, प्रकार : 'ट्रॅडिशनल' म्हणजे दिलेल्या जागी थेट डबी. सुरुवातीला फक्त याच घ्या. दुसरी, काठिण्य आणि वाट यांचे अंक, दोन्ही १ ते ५, अर्ध्या-अर्ध्याच्या पायरीने. काठिण्य म्हणजे शोधायला किती अवघड, वाट म्हणजे पोचायला किती अवघड. वाटेचा अंक १ असेल तर चाकाच्या खुर्चीवरूनही तिथे पोचता आलं पाहिजे, असा नियम आहे. चालण्याच्या वाटेवर असे १ किंवा १.५ वाले पुष्कळ सापडतात. तिसरी, आकार. 'मायक्रो' म्हणजे १०० मिलिलिटरपेक्षा लहान, 'स्मॉल' म्हणजे तिथून १ लिटरपर्यंत, 'रेग्युलर' त्याच्याही वर २० लिटरपर्यंत. पहिल्या दिवशी 'स्मॉल' शोधा. मायक्रोपेक्षाही बारीक, बोटाच्या पेराएवढ्या चुंबकी डब्यांना 'नॅनो' म्हणतात. त्यांनी भल्याभल्यांना परत पाठवलंय.

चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते : आधीच्या शोधकांच्या नोंदी. शेवटच्या दोन-तीन नोंदी 'सापडली' अशा असतील आणि ताज्या असतील, तर डबी जागेवर आहे. ओळीने 'सापडली नाही' दिसत असेल तर ती बहुधा हरवली आहे. पहिलाच शोध तिच्यावर घालवू नका.

बरोबर पेन घ्या. हे मी वेगळं वाक्य करून लिहितेय, कारण लहान डब्यांमध्ये पेन नसतोच, आणि सापडलेली डबी हातात धरून लिहायला काही नसणं फार हळहळ लावणारं असतं. एखादी कोरडी कागदाची पट्टी, छोटी झिपची पिशवी आणि कचऱ्यासाठी रिकामी पिशवी एवढं खिशात असलं की पुरे.

आकडे वाचताना

या खेळात जागा अंश आणि दशांश मिनिटांत लिहितात. उदाहरण म्हणून ही जागा घ्या : ४५° १७.४६०′ उत्तर, १२२° २४.८००′ पश्चिम. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, बीव्हरक्रीकजवळ ही जागा आहे आणि सगळं तिथेच सुरू झालं. २ मे २००० पर्यंत अमेरिकी सरकार सामान्य लोकांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक घालत असे, त्यामुळे जागा शंभरेक मीटरने चुकू शकायची. त्या दिवशी ती चूक बंद केली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर यांनी अचूकता किती वाढली ते पाहायला एक काळी बादली रानात अर्धवट पुरून ठेवली आणि तिचे आकडे इंटरनेटवर एका चर्चागटात टाकले. काही दिवसांतच माइक टीग यांनी ती शोधली. बादलीत इतर वस्तूंबरोबर खाण्याचा एक डबाही होता. परवानगीशिवाय जमीन खणणं आणि डबीत खाद्यपदार्थ ठेवणं, दोन्ही आज नियमात बसत नाही.

आता त्या आकड्यांचा अर्थ. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे सुमारे १,८५२ मीटर. म्हणजे दशांशानंतरचा तिसरा आकडा एकाने बदलला तर तुम्ही उत्तर-दक्षिण दोन मीटरही हलत नाही. पण दशांशानंतरचा पहिला आकडा एकाने चुकला, तर १८५ मीटर दूर जाता, मैदानाच्या थेट पलीकडच्या टोकाला. रेखांशाचं मिनिट ध्रुवांकडे जाताना लहान होत जातं, त्यामुळे पूर्व-पश्चिम हिशेब थोडा वेगळा येतो. आकडे हाताने टाइप करावे लागले तर दोनदा तपासा.

शेवटचे दहा मीटर

उघड्या आकाशाखाली मोबाइलची चूक साधारण ५ मीटरच्या आसपास असते. डबी लपवणाऱ्याचा मोबाइलही तितकाच चुकलेला असू शकतो. त्यामुळे पडद्यावर 'शून्य मीटर' दिसलं म्हणून डबी पायाशी असेल असं समजू नका. दहा मीटर उरले की मोबाइल खिशात टाका. नवीन माणसं इथेच अडकतात : बाणाच्या मागे चार पावलं पुढे, सहा पावलं मागे, आणि डोळे सतत पडद्यावर.

क्रीडासुविधांजवळ आणखी एक त्रास असतो. बंदिस्त खेळघराची उंच भिंत अर्धं आकाश झाकते. उपग्रहांचे संकेत भिंतीवर आपटून उशिरा पोचतात आणि तुमची जागा भिंतीच्या आत नाहीतर पलीकडे दाखवली जाते. लोखंडी जाळीच्या कुंपणाजवळ मोबाइलमधलं होकायंत्र बिघडतं, आणि बाण भलतीकडे वळतो. अशा वेळी तीसेक मीटर लांब, मोकळ्यावर जा. अर्धा मिनिट उभं राहा. बाण कुठे दाखवतो ते बघून त्या दिशेतली एखादी ठळक वस्तू लक्षात ठेवा. मग बाजूला सरकून दुसऱ्या कोनातून तेच करा. दोन रेषा जिथे छेदतात तिथे पाहायला लागा.

पाहायला म्हणजे डोळ्यांनी. हात नंतर. मी सुरुवातीला हे उलट करायचे आणि प्रत्येक शोधाला वीस मिनिटं जास्त लागायची. आधी थोडं लांब उभं राहून स्वतःला विचारा : मला इथे डबी लपवायची असती तर कुठे ठेवली असती? जागा कोरडी हवी, वाकून हात घातल्यावर मिळेल अशी हवी, आणि बाकावर बसणाऱ्याला दिसू नये. एवढ्या अटी घातल्या की पाच-सहाच ठिकाणं उरतात. बाकाच्या बैठकीखालची लोखंडी पट्टी, जिला चुंबकाने डबी चिकटते. माहितीफलकाच्या चौकटीची मागची बाजू. कुंपणाच्या पोकळ खांबाचं वरचं टोपण. झाडाच्या मुळांमधली बेचकी, वर दोन-तीन दगड जरा जास्तच नीट रचलेले. झुडपात फांदीला तारेने टांगलेली नळी. प्रेक्षकांच्या पायऱ्यांच्या टोकाची फट.

'जरा जास्तच नीट' हे शब्द लक्षात असू द्या. निसर्गात काटक्या एकमेकींना समांतर पडत नाहीत. फलकाला सहा बोल्ट असायला हवेत आणि सात दिसतात, तर सातवा बोटाने हलवून बघा. तो बहुतेक चुंबकी असतो आणि आत कागदाची गुंडाळी असते.

काही गोष्टी मात्र अजिबात करू नका. विजेची पेटी उघडू नका, मीटरच्या मागे हात घालू नका, पान्याने काही सोडवू नका. कुंपण ओलांडून बंद तलावाच्या किंवा कोर्टाच्या आवारात शिरू नका. डबी मिळायला असं काही करावं लागत असेल तर तुम्ही चुकीच्या जागी शोधताय, किंवा ती डबीच चुकीच्या जागी आहे. बिळात, फटीत हात घालण्याआधी काठीने चाचपा.

पानावर एक इशाराही असतो, तो सांकेतिक असतो : इंग्रजी वर्णमालेतलं प्रत्येक अक्षर तेरा घरं पुढे सरकवलेलं. अ‍ॅपमध्ये बोट लावलं की उलगडतो. पहिल्या पाच-दहा शोधांत तो खुशाल वाचा.

माणसांच्या मधे

खेळ माहीत नसलेल्या लोकांना शोधकांच्या बोलीत 'मगल' म्हणतात. मला स्वतःला हा शब्द आवडत नाही, त्यात आपण आणि ते अशी फोड आहे. पण नोंदींमध्ये तो सारखा दिसेल, म्हणून सांगून ठेवते.

वाटेवर वेळ निवडणं हे निम्मं काम. सामना चालू असताना मैदानाच्या कडेची डबी शोधायला जाऊ नका. सकाळच्या फेरीची गर्दी ओसरल्यावर आणि संध्याकाळच्या खेळाआधी मधले काही तास वाट शांत असते. त्या वेळी कुणाच्या पायात न येता बाकाखाली वाकता येतं. डबीजवळ कुणी बसलेलं असेल तर पुढे चाला, दुसरी डबी करा, परतताना पुन्हा बघा. वाट आहे ती, परत यायचंच असतं.

मुलांच्या खेळण्याच्या जागेजवळ जास्त जपा. घसरगुंडीपाशी एकटी मोठी व्यक्ती मोबाइल हातात धरून झुडपात डोकावते आहे, हे दृश्य कुठल्याही आईबापांना घोर लावणारं आहे आणि त्यांचं बरोबरच आहे. अशा ठिकाणी मी घरातली मुलं बरोबर असतील तरच शोधते, नाहीतर ती डबी सोडून देते. तलावाच्या आणि कपडे बदलण्याच्या खोल्यांच्या आसपास तर मोबाइल वर धरूच नये, पडद्यावर फक्त नकाशा असला तरी. समोरच्याला कॅमेराच दिसतो.

कुणी विचारलं, 'काय शोधताय?', तर खरं सांगा. चावी पडली, कुत्रा हरवला असल्या थापा मारण्याची रीत काही शोधकांत आहे, पण त्यामुळे एखादा भला माणूस तुमच्याबरोबर चावी शोधायला खाली बसतो आणि तुम्हाला त्याच्या डोळ्यांत बघवत नाही. एकदा एका आजोबांनी मला विचारलं. ते रोज सकाळी त्याच बाकावर बसत. मी अ‍ॅप दाखवलं, खेळ समजावला. ते उठले, वाकले, आणि बैठकीच्या मागच्या पायाजवळून चुंबकी डबी काढून माझ्या हातात दिली. हे दिव्याचं काहीतरी असेल म्हणून आपण कधी हात लावला नाही, असं म्हणाले. नंतर त्या डबीच्या नोंदी वाचताना मला कळलं की ती वाट दुरुस्त होत असतानाही जागेवर राहिली होती. वाटेवरची माणसं जाणती झाली की डबीला राखण मिळते. लपूनछपून वावरणाऱ्यांच्या डब्या मात्र संशयापायी कचऱ्यात जातात.

डबी हातात आल्यावर

उघडण्याआधी ती कशी ठेवली होती ते नीट बघून घ्या : कुठली बाजू वर, कोणता दगड कुठे. हवं तर स्वतःपुरता फोटो काढा. मग चार पावलं बाजूला जा आणि तिथे उघडा, म्हणजे जागा उघडी पडत नाही.

कागदावर टोपणनाव आणि तारीख. कागदावर सही नसेल तर शोध धरला जात नाही. मोठ्या डबीत खेळणी, बिल्ले, गोट्या अशा छोट्या वस्तू असतात. एक घेतलीत तर तितक्याच किंवा जास्त मोलाची दुसरी ठेवायची. न घेता फक्त सही करूनही चालतं. एखाद्या वस्तूला क्रमांक कोरलेली धातूची पट्टी असेल तर ती अदलाबदलीची नाही. ती डबीतून डबीत प्रवास करते आणि तिचा प्रवास संकेतस्थळावर नोंदवला जातो. पुढच्या डबीत नेऊन ठेवता येणार असेल, तरच उचला.

झाकण घट्ट लावा. एकदा मी घाईत नळीचं झाकण अर्धवट फिरवून ठेवलं. पुढच्या शोधकाला कागदाच्या जागी लगदा मिळाला, आणि त्याआधीच्या साऱ्या सह्या गेल्या. तेव्हापासून मी झाकण लावून झालं की पुन्हा एकदा पिळून बघते, आणि रबरी कडीवर मातीचा कण नाही ना तेही पाहते. कागद ओला सापडला तर आपली कोरडी पट्टी आत सरकवा आणि नोंदीत मालकाला कळवा. डबी दिसेल अशी ठेवून 'पुढच्याला सोपं' करायला जाऊ नका, आणि आपल्या मते आणखी चांगल्या जागीही हलवू नका.

घरी आल्यावर ऑनलाइन नोंद लिहा. 'टीएफटीसी' ही चार अक्षरं, म्हणजे डबीबद्दल आभार, एवढंच टाकणारे पुष्कळ असतात. पण ती नोंद डबी लपवणाऱ्याला ईमेलने जाते. कुणीतरी आपल्या वेळेतून वाटेवर काही ठेवलं, तर दोन वाक्यं लिहायला हरकत नाही. जागा नेमकी कुठे हे मात्र फोडू नका.

सापडली नाही तर

वीस-पंचवीस मिनिटं झाली की थांबा. 'सापडली नाही' ही नोंद प्रामाणिकपणे करा. शोधक तिला 'डीएनएफ' म्हणतात. नवख्यांना ती टाकायला संकोच वाटतो, पण मालकाला डबी गेली की काय हे कळायचा तोच मार्ग असतो. सापडली नाही म्हणून स्वतःची नवी डबी तिथे ठेवून सही करणं चुकीचं. खरी डबी दोन फुटांवर असते आणि पुढचे सगळे गोंधळतात.

पाट्या वाचायला लावणारी डबी

दहाएक साध्या डब्या झाल्या की 'मल्टी' करून बघा. चालण्याच्या वाटेला हा प्रकार फार शोभतो आणि माझा सर्वांत आवडता आहे. इथे पहिल्या जागी डबी नसते, प्रश्न असतो. कोनशिलेवरच्या सालातला शेवटचा आकडा 'अ'. प्रेक्षकांच्या पायऱ्या किती, तो 'ब'. नियमांच्या फलकावर किती कलमं, तो 'क'. मग शेवटची जागा अमुक अंश, १७.अबक मिनिटं.

इथे मघाचा हिशेब कामाला येतो. 'क' एकाने चुकला तर फार बिघडत नाही, आसपास शोधता येतं. 'अ' चुकला तर सगळंच गेलं. म्हणून पहिला अंक पुन्हा मोजा. उत्तर आलं की निघण्याआधी नकाशावर बघा. खूण तलावाच्या पाण्यात किंवा रस्त्याच्या मधोमध पडली, तर कुठेतरी मोजायचं चुकलंय. चांगला लपवणारा आकड्यांची बेरीजही पानावर देतो, ती जुळवून पाहा. आणि पायऱ्या मोजताना जमिनीलगतची धरायची की नाही, या एका प्रश्नावर मी तासभर घालवला आहे. अशा वेळी दोन्ही उत्तरं काढून ठेवा.

स्वतःची डबी लपवायची असेल तर

किमान वीस शोधून झाल्याशिवाय लपवायला घेऊ नका, असा सल्ला संकेतस्थळच देतं आणि तो योग्य आहे. वीस डब्या पाहिल्या की कोणत्या टिकतात हे आपसूक कळतं.

आधी परवानगी. वाटेची आणि मैदानांची देखभाल जे करतात त्यांना जाऊन भेटा, डबी दाखवा, जागा दाखवा. जागा झाडू मारणाऱ्या, गवत कापणाऱ्या माणसालाही सांगा. सगळ्यात आधी डबी त्यांच्याच हाती लागते. दुसऱ्या डबीपासून किमान १६१ मीटर सरळ रेषेत अंतर हवं, म्हणजे एक दशांश मैल. या हिशेबाने दोन किलोमीटरच्या सरळ वाटेवर जास्तीत जास्त तेराच डब्या बसतात. मी म्हणेन तीन ठेवा, आणि त्या नीट सांभाळा. झाडाला खिळा ठोकायचा नाही, खड्डा खणायचा नाही, कुंपणाची रचना बदलायची नाही. डबी पारदर्शक असली तर उत्तम, आणि बाहेर 'जिओकॅश' असं ठळक लिहा, म्हणजे कुणाला बेवारस वस्तू वाटून भीती वाटणार नाही. शाळेच्या आवारालगतची जागा मनातूनही काढून टाका.

आकडे एकदाच घेऊ नका. वेगवेगळ्या दिवशी तीन-चार वेळा जाऊन मोजा आणि सरासरी काढा. मग पान भरून पाठवलं की एक स्वयंसेवक परीक्षक नियमांप्रमाणे तपासतो आणि डबी जाहीर होते. पहिली सही कोण करतं यासाठी काही जण अगदी पहाटेही येतात, त्या नोंदीला 'एफटीएफ' म्हणतात.

डबी जाहीर झाल्यावर पहिला जोराचा पाऊस पडू द्या. दुसऱ्या दिवशी पेन आणि कोरडा कागद घेऊन जा, उघडा, आत बोट फिरवून बघा. ओल लागली तर ती डबी त्याच दिवशी काढून घट्ट झाकणाची दुसरी ठेवा.